रात्र नसलेली कासारबोरी

१

बुधवारी संध्याकाळी सहाला मंजुश्रीनं लॅपटॉप उघडला आणि कासारबोरी दुसऱ्यांदा पडलेली तिला दिसली.

पहिल्यांदा गाव पडलं ते त्र्याण्णव सालच्या भूकंपात. तेव्हा मंजुश्रीचा जन्मही झाला नव्हता. ही दुसरी कासारबोरी तिनं स्वतः उभी केली होती, ठोकळ्यांच्या खेळात. पोराटोरांचा खेळ म्हणून मोठी माणसं त्याला नाक मुरडतात. पण दगडाचे, मातीचे, लाकडाचे ठोकळे रचून त्यात हवं ते बांधता येतं आणि बांधलेल्यातून हिंडताही येतं. मंजुश्री लातुरात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. चौदा महिने ती दिवसा लोकांचे बंगले काढत होती आणि संध्याकाळी हे मेलेलं गाव. भूकंपातून वाचलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून शेजारी बसवायचं, ते "अजून दोन हात मागं घे" म्हणाले की भिंत दोन हात मागं घ्यायची, ही तिची पद्धत. कागदावर काहीच नाही, सगळं थेट बांधकाम.

आता वरच्या आळीत खड्डा होता. तिचे आजोबा, चंद्रप्पा अज्जा, यांच्या घराचा मागचा भाग उडाला होता. तिथून पेटलेली आग माळवदाच्या तुळयांवरून सरकत अकराच्या अकरा घरं गिळून गेली होती. काळ्या पडलेल्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. अज्जाच्या घराचं पुढचं दार मात्र शाबूत होतं, आणि लावलेलं होतं. दाराबाहेर ओट्यावर एक लाकडी पेटी होती. दारामागं काहीही नव्हतं.

मंजुश्रीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मंगळवारी तीस सप्टेंबर, गावाचा स्मरणदिन. त्या सकाळी नव्या कासारबोरीच्या शाळेत, वाचलेल्या साऱ्यांसमोर, हे गाव भिंतीवर दाखवायचं ठरलं होतं. बाकीच्यांचं सोडा, तिला ते एकाच माणसाला दाखवायचं होतं. अज्जाच्या डोळ्यांत काचबिंदू होता. दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि ही आळी पुन्हा बांधता येण्यासारखी नव्हती. तिची खडान्‌खडा माहिती होती ती उमाबाईंना, आणि उमाबाई श्रावणात गेल्या. खेळाची जपून ठेवलेली प्रत दोन महिन्यांपूर्वीची, तिच्यात या आळीचा पायाही नव्हता. राहिले अज्जा. पण गावाबद्दल बत्तीस वर्षांत ते एक अक्षर बोलले नव्हते. विषय निघाला की उठून जायचे.

त्यात भर म्हणजे त्या जमिनीवर सुरुंग लावायची सोयच बंद केलेली होती. आत यायची परवानगी मंजुश्री धरून फक्त चौघांना होती. म्हणजे हे काम आतल्याच कुणाचं होतं.

२

पोलिसांत जावं तर ते हसले असते. मंजुश्रीनं भुजंगकाकांना बोलावलं.

भुजंगकाका मूळचे रेणापूरचे, आता गल्लीतच राहायला. तीस वर्षं त्यांनी विहिरींना सुरुंग लावले. कुठल्या खडकात किती तोटे भरायचे आणि बार उडाल्यावर दगड कुठं जाईल, हे ते विडी ओढत सांगायचे. कुणाची विहीर ढासळली, कुणाचा बांध फुटला, की तालुका त्यांना बोलवायचा. खड्डा बघून माणूस ओळखतात, अशी त्यांची ख्याती. खेळातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. बराच वेळ बघत राहिले.

"खोटा खड्डा बी खड्डाच असतोय," ते म्हणाले. "फिरव जरा. हां. एकच बार हाय. अन् खोलीच्या मधोमध, जमिनीवर. घर पाडायचं असतं तर भिंतीच्या बुडात ठेवला असता. हे कुण्या अडाण्याचं काम हाय, न्हाईतर लई शहाण्याचं."

"अन् जाळ, काका? या खेळातल्या सुरुंगानं आग लागत न्हाई."

"मग तो सुरुंग नव्हताच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ऊन कवाचं तिथंच हाय. दिवस मावळत न्हाई का तुझ्या गावात?"

"न्हाई," मंजुश्री म्हणाली. "भूकंप पहाटे आला, सगळे झोपेत होते. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या रविकिरणला सांगून मी सूर्य दुपारीच थांबवला. माझ्या कासारबोरीत रात्र होतच न्हाई."

काका पडद्याजवळ सरकले. मग एकेक घर दाखवायला लावलं. जळालेली सोडून बाकी आळ्यांत चुली होत्या, उतरंडी होत्या, जाती होती.

"बाज न्हाई दिसली एक बी."

"झोपायचंच न्हाई तर बाज कशाला?"

"बरं. काही चोरीला गेलंय?"

मंजुश्रीनं पेट्या तपासल्या. धनगराच्या घरातल्या पेटीत लोकरीचे बारा ठोकळे होते, त्यातले नऊच राहिले होते. सुताराच्या घरातल्या तीन फळ्या गेल्या होत्या. हिरेमाणकं ठेवली असती तरी कुणी हात लावला नसता, आणि चोरानं नेलं काय, तर तीन लोकरी आणि तीन फळ्या!

"घर उडवायला आलेला माणूस लोकर कशाला नेईल?" तिनं विचारलं.

काकांनी मान वळवली होती. ते आतल्या खोलीकडं बघत होते. तिथं अज्जा भिंतीकडं तोंड करून बसले होते. कालपासून त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली होती. तीस तारीख जवळ आली की दरवर्षी असंच होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

३

पहिला संशय सोमेशवर होता. सोमेश मंजुश्रीचा चुलतभाऊ, मुरुडला मोबाइलचं दुकान चालवणारा. खेळातल्या गावचा मठ त्यानं बांधला होता, आणि कळसाच्या उंचीवरून दोघांची आठवड्यापूर्वी जोरात जुंपली होती. "उडवून देतो बघ एक दिवस तुझी आळी!" असं तो चारचौघांत म्हणाला होता. तोंडाला कुलूप नसलं की असं होतं.

दुपारी तो आला तो घामाघूम होऊन.

"मंजे, आईशप्पथ मी न्हाई केलं. मी साडेतीनला आत गेलो, आळी जळून कोळसा झालेली. बघितलं अन् गप निघून आलो."

"गप का निघालास? फोन करता येत नव्हता?"

"केला असता तर कुणाचं नाव आलं असतं? माझंच! आलंच की आता."

"साडेतीनला जाळ होता का इझला होता?" काकांनी विचारलं.

"इझला होता. धूर बी नव्हता."

मंजुश्रीचा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

दुसरी होती सृष्टी, मंजुश्रीची वहिनी. माहेर निलंग्याचं, इथं बालवाडीत शिकवायची. हौसेनं टॅबवर खेळायची. गावातलं तळं तिनं खणलं होतं, चिंचा तिनं लावल्या होत्या. ती काकांसमोर पदराचं टोक पिळत बसली.

"बुधवारी मी शाळेत होते, काका. चार वाजता आले."

"अन् टॅब?"

"टॅब... घरीच असतो. चार्जिंगला."

"दाव बरं."

सृष्टीनं टॅब आणून दिला. काकांनी तो तिरपा करून उजेडात धरला. काचेवर वरच्या बाजूला पांढुरकी भुकटी लागली होती. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, वास घेतला, आणि टॅब परत दिला. खडूची असेल, मंजुश्रीला वाटलं.

"पोरी, तुला काही सांगायचं हाय का?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

सृष्टीचे डोळे भरून आले. "मी वचन दिलंय, काका," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मंजुश्री तिच्यामागं धावणार, तोच काकांनी हात धरला. "वचन मोडायला लावू नये. आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ. उद्या नांदेड."

४

रविकिरण नांदेडला राहायचा. ज्या सर्व्हरवर हे गाव होतं तो त्याचाच. इतकं साधं विचारायला साडेतीन तास एसटीत कशाला, असं मंजुश्रीनं विचारून पाहिलं. "फोनवर सगळेच साधू असत्यात. माणूस तोंडावर बघावा लागतो," म्हणत काका खिडकीची जागा धरून बसले. बाहेर सोयाबीन पिवळं पडत होतं. मंजुश्री बोटांवर दिवस मोजत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार.

रविकिरण वजिराबादेत एका खोलीत चार पंखे लावून त्या यंत्राला थंड ठेवत बसला होता.

"इमानदारीनं सांगतो, ताई, माझं काही नाही त्यात. मी कशाला माझंच नाव खराब करून घेईन? हे बघा, आलं-गेलं सगळं इथं उमटतं. कुणी काय केलं ते कळत नाही, पण कोण कधी आलं ते पक्कं."

पडद्यावर बुधवारच्या नोंदी होत्या. सृष्टीचं खातं, एक पन्नास ते दोन चाळीस. सोमेश, साडेतीन ते तीन पस्तीस. बस्स.

"वहिनी तर शाळेत होती!" मंजुश्री म्हणाली.

"मग तिचं खातं दुसऱ्या कुणी उघडलं. पासवर्ड कुणाला माहीत?"

"सोमेशनंच टाकून दिलाय तिला टॅबवर," मंजुश्री म्हणाली.

काका मुद्द्यावरून हलेनात. "बाबा, सुरुंग बंद हाय म्हणता. मग त्या जागी काय फुटू शकतं?"

रविकिरणनं डोकं खाजवलं. "एकच गोष्ट. बाज."

"बाज?"

"या खेळाचा जुना बेकार नियम आहे, काका. जिथं रात्र होत नाही, तिथं बाज टाकून आडवं व्हायला गेलं की ती फुटते. आगसुद्धा लागते. तीन लोकरी अन् तीन फळ्या जोडल्या की बाज तयार. मुरलेल्या खेळाडूंना माहीत असतं हे, ताई नुसतं बांधतात. सोमेश तर ह्याच युक्तीनं दुसऱ्या जगात डोंगर फोडतो."

परतीच्या एसटीत मंजुश्रीनं मोबाइल काढला. कासारबोरीच्या लोकांचा ग्रुप होता, दोनशे चौदा माणसं. तिनं लिहिलं, 'आपलं गाव माझ्या चुलतभावानं, सोमेशनं, मुद्दाम उडवलं.' तिचा अंगठा बटणावर टेकला.

५

भुजंगकाकांनी मोबाइल अलगद काढून घेतला.

"एकदा बार उडाला की दगड माघारी येत न्हाई, मंजू. आधी ती पेटी उघड."

"कुठली पेटी?"

"तुझ्या अज्जाच्या दारातली. ओट्यावरची. तू ठेवलीस?"

मंजुश्रीनं आठवून पाहिलं. तिनं ठेवली नव्हती. कुठून तरी उडून पडली असेल असं समजून तिनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिनं काकांच्या देखत पेटी उघडली. आत चामड्याचे बूट होते. खेळातल्या माणसाच्या पायात असतात ते. एकच जोड, बाकी काही नाही.

"हे काय?"

"पायताण," काका म्हणाले. त्यांनी पडद्यावरच्या बुटांवर बोट टेकवलं. "आता इचार कर. सोमेशला घर उडवायचं असतं तर त्यानं बाज कुठं टाकली असती? आळीच्या तोंडाला, न्हाईतर मठापाशी. एक न्हाई, दहा टाकल्या असत्या. खोलीच्या मधी एकच टाकून कोण गप बसतंय? आत गेल्यावर दार कोण लावून घेतंय? अन् मला सांग, घर उडवायला आलेला माणूस उंबऱ्याभाईर पायताण काढून आत जाईल का?"

मंजुश्रीनं ते लावलेलं दार पुन्हा पडद्यावर आणलं.

"ह्याला तो नियमच ठाऊक नव्हता," काका म्हणाले. "ह्याला खरंच झोपायचं होतं. दुपारी दोनला तुझे आईबाप दुकानात, तू कामावर, सृष्टी शाळेत. टॅब घरी. अन् त्या काचेवरची भुकटी खडूची नव्हती, पोरी. इभूत होती, कपाळाची. टॅब कपाळाला चिकटंपर्यंत जवळ घेतल्याबिगर ज्याला दिसत न्हाई, असा माणूस तुमच्या घरात एकच हाय."

दारात सृष्टी उभी होती. ती रडत होती आणि हसतही होती.

"महिनाभर शिकवलं मी अज्जाला," ती म्हणाली. "कुणाला सांगायचं न्हाई म्हणून वचन घेतलं. माझ्या छोट्या जगात शिकवलं, तिथं रात्र होते. बाज टाकायची, पडायचं, की लगेच सकाळ. लई आवडायचं त्यांना ते. पण आधी बूट काढायचं शिकवावं लागलं. पायताण घालून घरात पाय ठेवणार न्हाई म्हणाले. इथं बाज फुटते हे सांगायचं राहूनच गेलं गं मंजू. ते एकटे तिथं जातील असं वाटलंच न्हाई मला."

६

अज्जा भिंतीकडं तोंड करूनच बसले होते. मंजुश्री त्यांच्यासमोर खाली बसली.  तीन दिवस ती ज्याच्या नरडीचा घोट घ्यायला निघाली होती, तो हा माणूस होता.

"अज्जा, बुधवारी तुम्ही घरी गेला होता का?"

त्यांनी मान वर केली. मग अज्जा बोलले, आणि बोलू लागले ते थांबेनात.

"त्या दिवशी गणपतीच्या इसर्जनाहून उशिरा आलो. दाराला आतून कडी होती. तुझी आजी बसम्मा अन् तुझी आत्या महानंदा आत. तुझा बाप मामाकडं गेलेला. महानंदाला ताप होता. अकरा वर्षांची होती. कडी वाजवली तर पोर उठंल, म्हणून अंगणातच बाज टाकली. पहाटं जमीन हालली. मी अंगणात होतो म्हणून वाचलो." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "सगळे म्हणले, चंद्रप्पा, देवानं वाचिवलं तुला. बत्तीस वर्षं म्हणून राहिलेत."

बाहेर कुकरची शिट्टी झाली. सृष्टीनं जाऊन गॅस बंद केला.

"तुझ्या गावात दार उघडं होतं गं. म्हणलं, ह्या बारीला आत जावं. पायताण भाईर ठेवलं. दार लावून घेतलं. महानंदा निजायची तिथं बाज टाकली, अन् पडलो." त्यांचा हात हवेत फिरला. "तर परत तेच. परत समदी आळी. माझ्या पायगुणानंच झालं, मंजू. कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

मंजुश्रीनं त्यांचे दोन्ही हात धरले. तिला हुंदका आवरेना. "तुमची न्हाई अज्जा, माझी चूक हाय. गावातली रात्र मी काढून टाकली. कुणाला न विचारता काढली. तुम्हाला झोपायचं असंल हे मला सुचलंच न्हाई."

अज्जांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भुजंगकाका खिडकीबाहेर बघत उभे होते. त्यांची विडी केव्हाच विझली होती.

"ती चूल," अज्जा एकदम म्हणाले.

"कुठली चूल?"

"माझ्या घरातली. उंबऱ्याच्या उजवीला केली होतीस. उमाबाईनं सांगितलं असंल, ती कायम घोळ करायची. चूल डावीला होती. अन् तिच्या घराला दोन खण होते, तीन न्हाई. उगी मोठेपणा."

मंजुश्री डोळे पुसत उठली आणि तिनं लॅपटॉप आणला.

७

सोमेशला तिनं स्वतः फोन केला. काय बोलावं हे ठरवलं होतं, पण तोंडातून 'चुकलं माझं' एवढंच निघालं. "राहू दे मंजे," तो म्हणाला. "दगड कुठले आणायचे ते सांग." तो मुरुडहून, रविकिरण नांदेडहून, सृष्टी आणि मंजुश्री घरून, असे चौघे दोन दिवस बांधत होते. अज्जा मध्ये बसून सांगत होते. बत्तीस वर्षं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. कुणाची भिंत कुणाच्या जागेत एक वीत सरकली होती, कुणाच्या दारातली शेळी कायम सुटायची. सोमेशनं त्या शेळीलासुद्धा जागा केली.

"अन् सूर्य, ताई?" सोमवारी संध्याकाळी रविकिरणनं विचारलं. "थांबलेलाच ठेवायचा?"

मंजुश्रीनं खूप विचार केला. चौदा महिने तिनं त्या गावात अंधार येऊ दिला नव्हता.

"सोडून दे त्याला," ती म्हणाली.

तीस तारखेच्या सकाळी शाळेच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. आधी गेलेल्यांची नावं वाचून झाली. मग भिंतीवर कासारबोरी उमटली, आणि म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना आपापली घरं दाखवू लागल्या. वरच्या आळीत दिवस कलत होता. हळूहळू भिंतीवर अंधार पडला आणि खोलीतली कुजबुज थांबली. तिथल्या प्रत्येकाला तो अंधार माहीत होता. कुणीतरी "बंद करा" असं म्हणालंही.

अज्जा पहिल्या रांगेत टॅब कपाळाशी धरून बसले होते. सृष्टी त्यांच्या खांद्याला टेकून होती. भिंतीवर एक माणूस आळी चढून आला, ओट्यावर थांबला, त्यानं पायातले बूट काढून पेटीत ठेवले. मग दार उघडून आत गेला आणि दार लावून घेतलं. चूल डाव्या हाताला होती. भिंतीशी दोन बाजा टाकलेल्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. त्यांच्या शेजारी त्यानं तिसरी टाकली.

मंजुश्री अज्जांजवळ सरकली. रविकिरणनं दहा वेळा तपासून सांगितलं होतं, तरीही.

अज्जांनी बोट टेकवलं. भिंत पूर्ण काळी झाली. काहीही फुटलं नाही.

मग माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून, उजेडाचा एक चौकोन खाली जमिनीवर आला. तो पसरत तिन्ही बाजांवर गेला. बाहेर आळीत अकराच्या अकरा घरं उभी होती.

अज्जांनी टॅब खाली ठेवला. त्यांना भिंतीवरचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी मंजुश्रीचा हात चाचपडून शोधला.

"उजाडलं का गं?"

"हाव अज्जा," ती म्हणाली. "उजाडलं."